शाळेत मोबाईल जमा करायचे ठरवताय? पेटी सगळ्यात शेवटी घ्या

जूनमध्ये शाळा उघडली की ओळखीच्या मुख्याध्यापकांचे फोन सुरू होतात. "सर, यंदा मोबाईल बंद करायचेच. पेटी कुठली घ्यावी?" मग पेटी येते, सूचना फलकावर लागते, पहिल्या आठवड्यात पन्नास-साठ फोन जमा होतात. दुसऱ्या आठवड्यात पंचवीस. गणपतीच्या सुट्टीनंतर पेटीत खडू आणि डस्टर ठेवलेले असतात.

मुलं बिघडली म्हणून असं होत नाही. कामाचा क्रम उलटा लागतो म्हणून होतं. खाली जो क्रम दिला आहे तो पाचवी ते दहावीच्या शाळेसाठी आहे. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर तिथेही चालतो. सुरुवात एप्रिलमध्ये करा. जूनमध्ये सुरुवात केलीत तर निम्मे टप्पे गाळावे लागतील आणि तिथेच घोटाळा होईल.

टप्पा १. नियम एका वाक्यात बसवा

पर्याय तीनच आहेत. फोन आणायचाच नाही. आणला तर बंद करून दप्तरात ठेवायचा. आणला तर जमा करायचा. यातला एकच निवडा.

पाचवी-सहावीला पहिला पर्याय बहुतेक ठिकाणी चालतो. सातवीच्या पुढे, विशेषतः जिथे मुलं-मुली आजूबाजूच्या गावांतून एसटीने येतात तिथे, तो चालत नाही. संध्याकाळची गाडी चुकली तर मुलीने घरी कसं कळवायचं, हा पालकांचा प्रश्न अगदी खरा आहे. "आणूच नका" म्हटलं की फोन येतच राहतो, फक्त तो डब्याच्या पिशवीत तळाशी जातो. दुसरा पर्याय ऐकायला सभ्य वाटतो. प्रत्यक्षात "बंद आहे का?" याची झडती शिक्षकाला रोज सहा-सात तासांना घ्यावी लागते. म्हणून मी तिसऱ्याच्या बाजूचा आहे.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं दिली. सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही, वापरावर नियंत्रण ठेवा, शक्य असेल तिथे फोन जमा करण्याची सोय करा, आणि धोरण पालक-शिक्षकांशी बोलून ठरवा, असा त्यांचा रोख होता. महाराष्ट्रातल्या शाळेलाही धोरण लिहिताना ती समोर ठेवायला हरकत नाही.

वाक्य असं असू द्या: "फाटकातून आत आल्यापासून शाळा सुटेपर्यंत मोबाईल, स्मार्ट घड्याळ, टॅब आणि इअरबड्स बंद करून वर्गशिक्षकांकडे जमा राहतील."

सावधान: "तासाच्या वेळी वापरू नये" असं लिहू नका. भांडणाचे व्हिडिओ, स्वच्छतागृहातले फोटो, कुणाची टिंगल करणारे रील हे सगळं मधल्या सुट्टीत आणि ऑफ तासाला घडतं. मधली सुट्टी मोकळी सोडलीत, तर जी डोकेदुखी टाळायला नियम केला तीच बाहेर राहिली.

टप्पा २. मोबाईलची गरज आधी शाळेतून काढा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. माझ्या मते अर्धं काम इथेच आहे.

एक दिवस वही घेऊन बसा आणि आपल्याच शाळेत विद्यार्थ्याला फोन कशाकशाला लागतो ते लिहून काढा. यादी बघून कसंनुसं होतं. गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर. चाचणीचं वेळापत्रक गटावर. विज्ञानाच्या बाई म्हणतात, "फळ्याचा फोटो काढून घ्या, पुसते मी." सहलीचे पैसे क्यूआर कोडवर. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना ओटीपी मुलाच्या फोनवर. किती वाजले ते बघायला फोन, कारण वर्गातलं घड्याळ गेल्या दिवाळीपासून सव्वादहावर थांबलंय.

ही यादी संपल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकेकाची व्यवस्था अशी लावता येते:

- गृहपाठ फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचा, मुलांनी दैनंदिनीत उतरवायचा. गटावर टाकायचाच असेल तर शाळा सुटल्यावर, आणि तो गट पालकांचा असावा.
- फळ्याचा फोटो बंद. लिहून होईपर्यंत फळा पुसायचा नाही. यासाठी शिक्षकांचा वेग थोडा कमी होईल, तो होऊ द्या.
- प्रत्येक वर्गात चालू घड्याळ. सेल बदलायचं काम एका माणसाच्या नावावर लिहा, नाहीतर ते कुणाचंच नसतं.
- गणकयंत्र जिथे लागतं तिथे साधं गणकयंत्र.
- अर्जांसाठी ओटीपी लागतो तो दिवस आधी कळवा, किंवा पालकांनाच बोलवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: घरचा निरोप. मुलाला घरी बोलायचं असेल तर कार्यालयातल्या फोनवरून, विनामूल्य, फार चौकशी न करता बोलू द्या. "कशाला? काय काम आहे? पहिले सरांची चिठ्ठी आण" असं उत्तर एकदा मिळालं की ते मूल दुसऱ्या दिवशी फोन लपवून आणतं. मासिक पाळी सुरू झालेल्या मुलीने कारण सांगत उभं राहायचं का? पालकांकडून येणाऱ्या निरोपासाठी छापील चिठ्ठ्या ठेवा: नाव, इयत्ता, तुकडी, निरोप, वेळ. शिपाईमामा प्रत्येक तास संपताना त्या वर्गात पोचवतील.

तपासा: एखाद्या पालकाला सांगून शाळेच्या वेळेत कार्यालयाच्या क्रमांकावर फोन करायला लावा. कितव्या रिंगला उचलला? निरोप मुलापर्यंत किती मिनिटांत पोचला? वीस मिनिटांपेक्षा जास्त लागले तर नियम जाहीर करायची वेळ अजून आलेली नाही.

टप्पा ३. सवलत कुणाला, ते आधीच लिहा

टाइप १ मधुमेह असलेल्या काही मुलांच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो आणि त्याचं रीडिंग फोनवर येतं. तो फोन जमा करणं म्हणजे औषध काढून घेणं. दृष्टिबाधित विद्यार्थी स्क्रीन वाचणारं ॲप वापरत असेल, श्रवणयंत्र फोनला जोडलेलं असेल, तर तिथेही तोच न्याय. घरी आजारी आई आणि मोठं माणूस दुसरं कुणी नाही, अशीही मुलं असतात. त्यांचा फोन कार्यालयात चालू ठेवला तरी काम होतं.

वैद्यकीय सवलतीला डॉक्टरांची चिठ्ठी पुरे. सवलतीची यादी वर्गात लावायची नाही आणि परिपाठात वाचायची तर अजिबात नाही. त्या मुलाला शिकवणाऱ्या शिक्षकांना तेवढी माहीत असावी. बदली शिक्षक तास घेत असतील तर त्यांनाही सांगा. चूक हमखास तिथेच होते.

टप्पा ४. आधी शिक्षक, मग समिती, मग पालक, शेवटी मुलं

क्रम बदलू नका. मुलांना आधी कळलं तर पालकसभेपूर्वीच घराघरात वाद होऊन जातो.

शिक्षकांच्या बैठकीत एकच प्रश्न खरा असतो: आमचे फोन? टाळू नका. शालार्थ (पगाराची प्रणाली), यू-डायस (शाळेची सरकारी माहिती), पोषण आहाराची माहिती, केंद्रप्रमुखांचे तातडीचे निरोप हे सगळं शिक्षकांच्या फोनवर येतं, त्यामुळे त्यांचे फोन जमा करणं शक्य नाही. पण वर्गात जाताना फोन स्टाफरूममध्ये राहील किंवा खिशात आवाज बंद करून राहील, वर्गात आणि व्हरांड्यात मुलांसमोर तो बाहेर निघणार नाही, एवढं ठरवता येतं. माहिती भरायची असेल तर ऑफ तासाला, स्टाफरूममध्ये. व्हरांड्यात उभं राहून रील बघणारे एक सर शंभर सूचनांवर पाणी फिरवतात.

मग शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक-शिक्षक संघात ठराव. इतिवृत्तात तारीख आणि ठरावाचे शब्द नीट उतरवा. उद्या तक्रार झाली तर हाच कागद लागतो.

पालकसभा संध्याकाळी किंवा रविवारी ठेवा. सकाळी अकराला ठेवली तर ज्यांच्याशी बोलायचं ते कामावर असतात. सभेत मोबाईलच्या दुष्परिणामांवर भाषण नको, ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तीनच गोष्टी सांगा: फोन कुठे राहील, कसा परत मिळेल, आणि तुम्हाला मुलाशी बोलायचं असेल तर काय करायचं. मोठ्या आशाही दाखवू नका. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या ३० शाळा तपासून २०२५ मध्ये मांडलं की शाळेतल्या बंदीने मुलांचा दिवसभराचा एकूण वापर किंवा मानसिक स्वास्थ्य यात फरक दिसत नाही. संध्याकाळचा फोन घरच्यांनाच बघायचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायची पद्धत गावाने सुरू केली, ती याच कारणाने.

संमतीपत्राचा मजकूर लांबवू नका. हा पुरेसा आहे:

"माझा पाल्य ________, इयत्ता ____, तुकडी ____, हजेरी क्रमांक ____, शाळेत मोबाईल आणणार आहे / आणणार नाही. आणल्यास तो बंद करून पहिल्या तासाआधी जमा करील आणि शाळा सुटताना स्वतः परत घेईल. फोनची कंपनी व रंग: ________. शाळेच्या वेळेत निरोप द्यायचा असल्यास मी कार्यालयाच्या क्रमांकावर फोन करीन, पाल्याच्या फोनवर करणार नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. शाळेच्या वेळेत मुलांच्या फोनवर येणारे कितीतरी कॉल "डबा खाल्लास का?" एवढेच असतात.

सावधान: "फोन हरवल्यास शाळा जबाबदार राहणार नाही" हे वाक्य सवयीने छापलं जातं. ते वाचून कुठला शहाणा पालक वीस हजारांचा फोन पेटीत ठेवू देईल? उलट लिहा: नोंद करून जमा केलेल्या फोनची जबाबदारी शाळेची, न जमा केलेल्याची नाही. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक (*#०६# दाबला की दिसतो), पालकांनी घरी लिहून ठेवावा, असंही सभेत सांगा. फोन कुठेही हरवला तरी पोलीस तक्रारीला आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करायला हाच क्रमांक लागतो.

टप्पा ५. आता पेटी

शाळेसाठी एक मोठी पेटी घेऊ नका. हिशोब करून बघा. बारा तुकड्या, प्रत्येकी वीस फोन, एकूण २४०. एका खिडकीवर फोन शोधून देऊन सही घ्यायला आठ सेकंद धरले तरी ३२ मिनिटं होतात. तोपर्यंत एसटी गेलेली असते. तेच वर्गावर वीस फोन तीन मिनिटांच्या आत वाटून होतात.

म्हणून प्रत्येक तुकडीची स्वतंत्र व्यवस्था लावा. जाड कापडाची, खिसे शिवलेली गुंडाळी गावातला शिंपी करून देतो. खिशांवर हजेरी क्रमांक रंगवा, नावं नकोत. गुंडाळी बांधून कुलपाच्या कपाटात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत. किल्ल्या दोन: एक वर्गशिक्षकांकडे, एक कार्यालयात खिळ्यावर. दुसऱ्या किल्लीशिवाय सुरुवात करू नका, कारण वर्गशिक्षक कधीतरी रजेवर जाणारच.

फोन पूर्ण बंद असावेत. सायलेंट चालत नाही, गजर वाजतो आणि अख्खं कपाट थरथरतं. चार्जिंगची सोय द्यायची नाही. बॅटरी फुगलेला फोन घ्यायचा नाही, पालकांना कळवून घरी पाठवायचा. कपाट पत्र्याच्या छपराखाली उन्हात किंवा प्रयोगशाळेत नको.

टप्पा ६. सकाळची पाच मिनिटं

१. परिपाठ संपवून मुलं जागेवर बसली की वर्गशिक्षक सांगतात: फोन बाहेर काढा, बाकावर ठेवा.

२. सगळ्यांनी एकाच वेळी, समोर, फोन बंद करायचे. ही पायरी वेळखाऊ वाटते पण तिला कारण आहे. काही पोरं घरातला जुना, मेलेला फोन जमा करतात आणि चालू फोन मोज्यात ठेवतात. मेलेला फोन समोर "बंद" करून दाखवता येत नाही.

३. हजेरी क्रमांकाने एकेकाने येऊन आपल्या खिशात फोन ठेवायचा. ठेवणारा हात त्याचाच. शिक्षकांनी किंवा मॉनिटरने फोन गोळा करत फिरायचं नाही, काच फुटली की वाद होतो.

४. हजेरीपटाशेजारच्या वहीत खूण. ज्याने "आणणार" लिहून दिलं आणि आज आणला नाही, त्याच्यापुढे शून्य.

५. खिसे मोजायचे, आकडा लिहायचा, कुलूप.

उशिरा आलेला विद्यार्थी कार्यालयात फोन देईल, वर्गात नाही. तास मोडत नाही आणि पळवाटही उरत नाही.

टप्पा ७. परत देणं

जमा करताना काही बिघडत नाही. बिघडतं ते सुटताना, आणि नियमाचा जीव जातो तो इथे.

शेवटच्या तासाला वर्गशिक्षकच वर्गावर असतील असं वेळापत्रक लावता आलं तर उत्तम. नसेल तर शेवटच्या तासाच्या शिक्षकाला किल्ली आणि वही मिळालीच पाहिजे. वाटप घंटेच्या चार मिनिटं आधी सुरू करा. घंटेनंतर केलंत की रेटारेटी ठरलेली. फोन हातात आला तरी तो फाटकाबाहेरच चालू करायचा. शेवटी मोजणी: सकाळचा आकडा आणि वाटलेला आकडा जुळतो का?

वाट चुकवणारे प्रसंग आधीच लिहून ठेवा. दुपारी ताप आला म्हणून मूल घरी निघालं, तर फोन कोण काढून देणार? कबड्डीचा संघ तालुक्याहून साडेसहाला परत आला, वर्गशिक्षक तर साडेपाचलाच गेलेले. चाचणीच्या दिवशी वर्ग बदललेला. ऐनवेळी अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर झाली. मी ज्या शाळेत होतो तिथे दहावीतली एक मुलगी किल्ली सापडेना म्हणून पाऊण तास थांबली, तिची गाडी गेली, वडील चौदा किलोमीटरवरून मोटारसायकलवर आले. दुसऱ्या दिवसापासून त्या वर्गातून एकही फोन जमा झाला नाही, आणि कुणाला रागावायला आम्हाला तोंड नव्हतं.

तपासा: सुरुवातीआधी एक दिवस रिकाम्या खिशांत पुठ्ठ्याचे तुकडे टाकून वाटपाची रंगीत तालीम घ्या. घड्याळ लावून.

टप्पा ८. नियम मोडला तर

पायऱ्या तीन पुरेत. पहिल्यांदा: फोन कार्यालयात, सुटताना विद्यार्थ्यालाच परत, वहीत नोंद. दुसऱ्यांदा: पालकांना फोन करून कल्पना, परत विद्यार्थ्यालाच. तिसऱ्यांदा: पालक येऊन नेतील. पालक दोन दिवस येऊ शकत नसतील आणि मूल लांबून येत असेल, तर फोन त्या संध्याकाळीच द्या आणि पालकांची भेट नंतर घ्या. आठ-पंधरा दिवस फोन अडकवून ठेवू नका. काही घरांत तो एकमेव स्मार्टफोन असतो.

काय करायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं आहे.

- दंडाचे पैसे नकोत. गरीब घराला तो बसतो, श्रीमंताला तो भाडं वाटतो.
- फोन आपटणं, फोडणं, सगळ्यांसमोर उभं करणं नको. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं.
- अंगझडती नको. संशय असेल तर कार्यालयात, दोन मोठ्या माणसांसमोर, विद्यार्थ्यालाच दप्तर उघडायला सांगा. मुलगी असेल तर शिक्षिका हवीच.
- जमा फोन उघडून बघायचा नाही. गॅलरी नाही, गप्पा नाहीत, "पासवर्ड सांग" नाही.

सावधान: फोनवर एखाद्या मुलीचा किंवा मुलाचा आक्षेपार्ह फोटो-व्हिडिओ असल्याचं कळलं, तर तो "पुरावा म्हणून" आपल्या फोनवर घेऊ नका, स्टाफच्या गटावर तर कदापि टाकू नका. अशी सामग्री पुढे पाठवणं हा तुमचाच गुन्हा ठरतो. फोन बंद करून पाकिटात सील करा, मुख्याध्यापकांना सांगा. बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे, शाळेची बदनामी वगैरे विचार तिथे लागू नाहीत. मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८.

टप्पा ९. सुरू करा, पण एका इयत्तेपासून

आठवी किंवा नववी घ्या. दहावीपासून सुरुवात करू नका, तिथे क्लासच्या वेळा आणि पालकांची धास्ती दोन्ही जास्त. पहिले दोन आठवडे रोज शाळा सुटल्यावर पाच मिनिटं वही बघा: जमा किती, शून्य किती, वाटपाला किती मिनिटं लागली, कार्यालयातून घरी किती फोन झाले.

यातले दोन आकडे एकत्र वाचा. शून्यं वाढत आहेत आणि कार्यालयातून घरी होणारे फोन कमी होत आहेत, तर मुलं शहाणी झाली असा अर्थ काढू नका. फोन दप्तरात परत गेलेत. अशा वेळी झडती वाढवू नका. संध्याकाळी त्या वर्गाच्या दाराशी उभं राहा आणि वाटप बघा, बहुतेकदा कारण तिथेच दिसतं. दोन्ही आकडे स्थिर राहिले तर तिसऱ्या आठवड्यात पुढची इयत्ता घ्या.

मधल्या सुट्टीचंही बघा. फोन काढून घेतलेल्या मुलांना पहिले काही दिवस काय करावं सुचत नाही, मग ढकलाढकली वाढते. कॅरमचे दोन बोर्ड, चेंडू, ग्रंथालयाचं उघडं दार एवढ्याने बरंच निभावतं. ग्रंथालय मधल्या सुट्टीत बंद असतं ही आपल्याकडची जुनी गंमत आहे. ती किल्लीसुद्धा या वहीत लिहून टाका.

दिवाळीच्या सुट्टीला लागण्याआधी सगळी कपाटं रिकामी करा. एखादा फोन उरतोच. तो वर्गशिक्षकांनी घरी न्यायचा नाही. पाकिटावर हजेरी क्रमांक आणि तारीख लिहून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवा आणि पालकांना त्याच दिवशी कळवा.